मिनी ट्रॅक्टरला फवारणीची केबिन: काच आणि एसी नंतर बघा, आधी पायाखालचा पत्रा बघा

पावणेदोन लाख मोजलेत एसी केबिनला, त्यामुळं बरं-वाईट बोलायचा हक्क आपल्याला आहे असं धरून लिहितोय. ट्रॅक्टर २४ एचपीचा कुबोटा, फोर व्हील, द्राक्षबाग निफाड तालुक्यात, वाय पद्धत (वाय आकाराच्या अँगलवर वेली), अंतर नऊ बाय पाच फूट, जास्त करून थॉमसन आणि थोडी शरद या जाती. मागं सहाशे लिटरचा ओढायचा ब्लोअर, म्हणजे पंख्याच्या हवेनं औषध उडवणारं फवारणीचं यंत्र. केबिन आमच्याच भागातल्या एका फॅब्रिकेटरनं बनवून दिली, नाव टाकत नाही, एक तर यात तक्रारी आहेत आणि दुसरं म्हणजे मी बऱ्याच वर्कशॉपला जाऊन बघितलं तर सगळ्यांची घडण जवळपास एकच, एकानं नवीन काही काढलं की दुसरा टेप घेऊन जातो आणि तेच माप उचलतो. त्यामुळं कुठूनही घेतली तरी हे लागू पडंल. मोशीच्या किसान प्रदर्शनात मोठ्या ट्रॅक्टरच्या कंपनी केबिन बघून जे डोक्यात बसतं ते आधी काढून टाका, आपल्या छोट्या ट्रॅक्टरचा हिशोबच वेगळा आहे.

केबिन कशाला पाहिजे हे बागायतदाराला सांगायला नको. ऑक्टोबर छाटणी झाली, बाग फुटली, तीन-चार पानांवर आली आणि परतीचा पाऊस घुटमळत राहिला की डाऊनी म्हणजे केवडा रोग कुणाला झोपू देत नाही, पाऊस उघडला की फवारा, परत भुरभुर आली की परत फवारा, कधी सकाळी फवारणी आणि संध्याकाळी धुरळणी. एवढ्या सगळ्या वेळा उघड्या सीटवर बसलेला माणूस त्याच धुक्यात असतो. ब्लोअरची हवा मागं आणि बाजूला फेकते हे खरं, पण सरीच्या टोकाला वळलं की आपणच सोडलेल्या ढगात आपण शिरतो, आणि वारा मागून असला तर वळायचीपण गरज नाही. मास्क, गॉगल, रेनकोट सगळं घरात पडलेलं असतं. मास्क भिजला की श्वास घुसमटतो, गॉगलवर वाफ धरती, मग माणूस ते काढून खिशात टाकतो आणि तोंडाला उपरणं बांधतो, जे औषध शोषून नाकाशीच धरून ठेवतं. २०१७ साली यवतमाळकडं कपाशीच्या फवारणीत विषबाधा होऊन वीसच्या वर माणसं गेली, त्यानंतर आमच्याकडं ट्रॅक्टरवर बसणारी पोरं स्पष्ट विचारायला लागली, "दादा, केबिन हाय का?" नसली तर रोज जास्त मागतात नाहीतर दुसरीकडं जातात. चुकीचं काही नाही त्यांचं.

आता उंचीचं. सगळ्यात आधी टेप घेऊन बागेत जा, वर्कशॉपला नंतर. वाय पद्धतीत दोन ओळींच्या मध्ये वर मोकळी फट असते म्हणून आपल्याकडं केबिन निघते तरी. मांडव पद्धत असंल तर विषय तिथंच संपला, डोक्यावर सगळी जाळीच असती, तिथं उघड्या ट्रॅक्टरवरचा माणूससुद्धा मान खाली घालून बसतो. तासगावकडचे आमचे पाव्हणे केबिन बघायला आले होते, मांडवाची बाग त्यांची, बघून म्हणले "आमच्यात ही आली तर घडांसकट बाहेर निघंल." माझी जमिनीपासून छतापर्यंत सहा फूट चार इंच आहे, एसीचा कंडेन्सर धरून. तरी सुद्धा शेंडा मारायला उशीर झाला की काड्या छताला आणि काचेला झोडपत राहतात, कोवळ्या काड्या मोडतात पण. ज्यांच्या बागेवर प्लास्टिकचं कव्हर आहे त्यांनी कव्हरची तार सगळ्यात जिथं झोळ खाल्लाय तिथली उंची धरायची, अँगलजवळची नाही. रुंदीला केबिन मडगार्डच्या बाहेर जाऊ देऊ नका, फॅब्रिकेटर जागा मोठी वाटावी म्हणून दोन-दोन इंच बाहेर काढतात आणि मग ओलांड्याच्या (वेलीच्या आडव्या फांदीच्या) काडीला ती घासत राहती.

आता मुख्य गोष्ट, जी एकही वर्कशॉपवाला स्वतःहून बोलत नाही. केबिन बघायला गेलं की तो काच वाजवून दाखवतो, एसी लावून दाखवतो, एलईडी, टेप, पंखा, सीट कव्हर. खाली कुणी बघत नाही. मिनी ट्रॅक्टरला पायाशी किती गोष्टी आहेत मोजा, क्लच, दोन ब्रेक, ॲक्सिलरेटर, गिअरचा दांडा, हाय-लोचा दांडा, पीटीओचा (इंजिनची ताकद मागच्या यंत्राला देणाऱ्या शाफ्टचा), फोर व्हीलचा, हायड्रॉलिकचा. प्रत्येकाला पत्र्यात खाच लागते, आणि दांडा पुढं-मागं फिरायला पाहिजे म्हणून ती खाच गॅस कटरनं चांगली हाताएवढी कापलेली असते. वरनं चारी बाजूला टफन काच, रबरी बीडिंग, सगळं झक्कास आणि खाली ही भोकं. त्यात इंजिनचा पंखा गरम हवा मागं म्हणजे सरळ आपल्या पायाकडंच ढकलतो. पहिल्याच फवारणीला पायाच्या बोटांवर पांढरट पावडर बसलेली दिसली, मॅन्कोझेब हे बुरशीनाशक होतं, म्हणजे काच बंद, एसी चालू, आणि औषध खालनं आरामात आत.

फॅब्रिकेटरला दाखवलं तर त्यानं ट्यूबचे तुकडे कापून दांड्यांभोवती स्क्रूनं मारून दिले आणि म्हणला झालं काम. ते महिन्याभरात फाटलं. मग मीच नाशिकला स्पेअरच्या दुकानातनं जीपच्या गिअरला असतात तसले रबरी बूट आणले, घड्यांचे, आणि प्रत्येक दांड्याला पट्टी-नट लावून बसवले. पेडलच्या खाचांना तसं करता येत नाही, तिथं जाड ब्रशची पट्टी दोन्ही बाजूनं लावलीय, दुकानाच्या शटरखाली लावतात तसली. डॅशच्या खाली इंजिन आणि आपल्यामध्ये पूर्ण पत्रा घेतला आणि त्याला गाड्यांच्या दाराला आतनं लावतात ती डांबरी शीट चिकटवली, तिनं गरमी आणि आवाज दोन्ही कमी झालं. हा सगळा खर्च पाच हजाराच्या आतला. पावणेदोन लाखाच्या केबिनमध्ये पाच हजाराचं काम राहिलेलं होतं आणि खरी केबिन त्या पाच हजारातच होती.

तपासायची पद्धत सांगतो, घेण्याआधी वर्कशॉपलाच करा, लाजायचं नाही. दारं लावा, आतला पंखा फुल्ल करा आणि उदबत्ती पेटवून प्रत्येक जोडाजवळ, दांड्याजवळ, दाराच्या फटीजवळ बाहेरच्या बाजूनं धरा. धूर बाहेर ढकलला गेला पाहिजे. आत ओढला गेला तर औषधपण तसंच आत येणार. माझ्या केबिनला सुरुवातीला धूर सगळीकडं आत जात होता, कारण यांनी एसी बसवला तो जुन्या कारचा, तो आतलीच हवा फिरवत राहतो, बाहेरनं ताजी हवा घेतच नाही. आतली हवा बाहेरच्यापेक्षा थोडी दाबात असली तरच फटीतनं वारा बाहेर वाहतो आणि धुकं आत शिरत नाही. त्यासाठी वेगळा पंखा लागतो जो बाहेरनं, फिल्टरमधनं हवा ओढून आत ढकलंल. तो नंतर छतात बसवून घेतला, हवा घ्यायचं तोंड पुढच्या बाजूला ठेवलं, कारण मागं ब्लोअर. काहींनी ते तोंड मागं ठेवलेलं मी डोळ्यानं पाहिलंय. काय बोलायचं आता.

फिल्टरबद्दल फार फसवणूक चालू आहे. "कार्बन फिल्टर आहे" म्हणतात, काढून बघितला तर कारचा साधा कागदी फिल्टर, काळ्या रंगाचा. युरोपात फवारणीच्या केबिनचे चार वर्ग केलेत, ईएन १५६९५ नावाचं मानक आहे त्याचं. पहिल्या वर्गाच्या केबिनचा काहीच बचाव धरत नाहीत, दुसरी फक्त धूळ अडवते, तिसरी धूळ आणि फवाऱ्याचे बारीक थेंब, आणि चौथी या दोन्हीसोबत औषधाची वाफसुद्धा. म्हणजे नुसती काच-पत्रा-एसी असलेली आपली गावठी केबिन या हिशोबानं पहिल्या नाहीतर फार तर दुसऱ्या वर्गात बसंल. वाफ अडवायला खराखुरा ॲक्टिव्हेटेड कार्बन लागतो आणि तोही ठराविक तास चालला की भरतो, मग बदलावा लागतो, धुऊन चालत नाही. मी आता धुळीचा चांगला फिल्टर आणि त्याच्या मागं कार्बनचा असे दोन लावलेत आणि वास यायला लागायच्या आधीच, छाटणीगणिक बदलतो. तरी ज्या दिवशी उग्र वासाचं कीटकनाशक मारायचं असतं त्या दिवशी केबिनमध्ये बसूनसुद्धा मास्क लावलेला बरा, केबिनच्या आत तो भिजत नाही त्यामुळं त्रासपण होत नाही.

आणि टाकीवर औषध कालवताना केबिनचा काडीचा उपयोग नाही. तिथं औषध सगळ्यात दाट असतं, तिथंच हातमोजे, चष्मा, ॲप्रन पाहिजे. केबिन आली म्हणून आमच्या गड्यानं मोजे घालायचे सोडले होते, वरनं तेच ओले हात घेऊन केबिनमध्ये चढायचा आणि स्टिअरिंग धरायचा, म्हणजे बाहेरचं विष हातानंच आत. आता दाराच्या बाहेर पाण्याचा पाच लिटरचा कॅन नळ लावून बांधलाय, हात धुतल्याशिवाय दार उघडायचं नाही असा नियम केला. पाळतो बऱ्यापैकी.

एसीचं सांगायचं तर थंडीच्या बाजूला असलेल्या सीझनला तुम्हाला वाटंल एसी कशाला. पण एप्रिलच्या खरड छाटणीनंतर मे महिन्यात चाळीस अंशात चारी बाजूनं काच लावून बसा म्हणजे कळंल, बिनएसीची केबिन घेणारे सगळे दार उघडं ठेवून फवारतात, मग घेतली कशाला. पण एसी फुकट येत नाही. कॉम्प्रेसर इंजिनच्या पट्ट्यावर चालतो आणि चांगली दोन-तीन एचपी खातो, २४ एचपीच्या ट्रॅक्टरला वर ब्लोअर चालवायचाय. सपाटीला कळत नाही, चढाच्या सरीला टाकी भरलेली असताना आवाज बसतो, आरपीएम खाली येतो आणि आरपीएम खाली आला की पीटीओ हळू फिरणार, ब्लोअरची हवा कमी, कव्हरेज कमी. त्या वेळी ड्रायव्हरनं एसीचं बटण बंद करायचं असतं, पण एकदा गार हवेची सवय लागली की कोण बंद करतं. तुमच्याकडं १८ एचपीचा किंवा त्याहून छोटा असंल तर ब्लोअर आणि एसी दोन्हीचा नाद करू नका असं माझं मत आहे, पंख्याची दाबाची हवा आणि छताला थर्माकोलचा थर द्या आणि फवारणी पहाटे उरका, तशीही वारं नसताना तीच वेळ चांगली.

कंडेन्सर कुठं बसवणार हे आधी विचारा. रेडिएटरच्या पुढं बसवला तर उंची वाचते पण रेडिएटरला गरम हवा जाते, आणि बागेत पानं, गवताचं बी, धूळ जाळीला चिकटलेलीच असते, टेंपरेचरचा काटा वर सरकलाच म्हणून समजा. छतावर बसवला तर इंजिन गार राहतं पण उंची वाढते. मी छतावर घेतला आणि छताच्या मागच्या अर्ध्यात बसवून पुढून उतार दिला म्हणजे काड्या अडकत नाहीत. वायरिंगचंपण बघा, मिनीचा अल्टरनेटर बेताचाच असतो, त्याच्यावर दोन पंखे, वायपर, चार एलईडी आणि वरनं गाण्याचा बॉक्स लावला की बॅटरी उतरणारच. गाण्याचा बॉक्स मी काढून टाकला, पोरगं रुसलं जरा.

आता काच. ॲक्रिलिक स्वस्त आणि हलकं, पण सहा महिन्यात धुरकट. कारण आपल्या औषधांची पावडर काचेवर वाळते आणि फडक्यानं कोरडंच पुसलं की ती पावडर घासकागदासारखी काम करते. समोर आणि मागं टफन काचच घ्या, बाजूला पॉलीकार्बोनेट चालंल एक वेळ. बोर्डो (मोरचूद आणि चुन्याचं मिश्रण) मारल्यावर तर काचेवर निळसर पांढरा थर असा बसतो की नुसत्या पाण्यानं हलत नाही, त्याला आधी भरपूर पाणी मारून मग लिंबाचं किंवा व्हिनेगरचं पाणी लावायचं, चुन्याचा थर सुटतो, आणि परत साध्या पाण्यानं धुवायचं. समोर वायपर दिला होता कारचा जुना, एका बाजूचाच, ठीक आहे. पाण्याचा फवारा वायपरला नव्हता तो नंतर लावला, वायपर नुसता कोरडा फिरवला तर तेच परत घासायचं काम.

डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा चार-पाच अंशावर येतो तेव्हा एक वेगळाच त्रास. पहाटे दार लावून बसलं की आपल्याच श्वासानं पाच मिनटात सगळ्या काचा आतनं धुरकटतात, समोरची ओळ दिसत नाही, आणि बाहेरनं दव. त्या वेळी एसी थोडा वेळ लावायचा, थंडी वाजली तरी. एसी हवेतला ओलावा काढतो आणि काच स्वच्छ होते. बिनएसीवाल्यांनी बाहेरच्या हवेचा पंखा चालू ठेवायचा आणि त्याच्या हवेचं तोंड काचेकडं करायचं. याच थंडीत मात्र केबिन किती सुखाची आहे ते सांगून पटायचं नाही, आमचे वडील सत्तरी ओलांडलेले, कानटोपी घालून आत बसतात आणि उतरायचं नाव घेत नाहीत, फवारणी नसली तरी ट्रॅक्टर घेऊन बागेतनं चक्कर मारून येतात. डिझेल जातंय ते जातंय.

मागचं दिसणं हा केबिनचा सगळ्यात मोठा तोटा. उघड्यावर बसलेला माणूस मान वळवली की दोन्ही बाजूचे नोझल बघतो, आणि नाही बघितलं तरी एखादं नोझल चोकअप झालं की आवाजात फरक पडतो, तुषार बदलतो, त्याला लगेच कळतं. केबिनमध्ये आवाज सगळा एकच, घुमणारा, आणि मागची काच सगळ्यात आधी माखते, तिला वायपर नाही. डाव्या बाजूचं नोझल बंद आहे हे सरी संपल्यावर कळलं की परत तेवढीच सरी मारायची, औषध वाया आणि वेळ वाया. मी मागं कारचा रिव्हर्स कॅमेरा लावला, तीन हजारात झालं, पण भिंगावर थर बसतोच, त्याला वरनं छज्जा केला आणि दर टाकीला पुसायला लावतो. मागच्या काचेला वायपर मागून घ्या, द्यायला कुरकुर करतात, दोन हजार जास्त द्या पण घ्याच.

प्रेशरचं मीटर आणि ब्लोअरचा कॉक आतमध्ये घेऊन देतो म्हणून फॅब्रिकेटर फार मागं लागला होता, सोयीचं वाटतं ऐकायला. घेऊ नका. म्हणजे औषधाचा दाबाचा पाइप आपल्या गुडघ्याजवळनं आणायचा, आणि तो फुटला, नुसता जोड जरी गळला, तरी बंद केबिनमध्ये फवारा आपल्यावरच. औषधाची एकही लाइन केबिनच्या आत नसावी. बटणावरचे विजेवर चालणारे व्हॉल्व्ह मिळतात, ते मागं ब्लोअरवर बसवायचे आणि आत फक्त वायर आणायची. मीटर बाहेरच पण मोठ्या डायलचं, कॅमेऱ्यात दिसंल असं.

गंजाचं ऐका आता, हे मला कुठल्या वर्कशॉपमध्ये ऐकायला मिळालं नाही. बोर्डो तयार झालं की आपण विळा किंवा चाकू बुडवून बघतो, लोखंडावर तांबूस थर आला तर चुना कमी पडलाय, अजून टाका. तो तांबूस थर म्हणजे मोरचुदातलं तांबं लोखंडावर बसतं आणि तेवढं लोखंड विरघळतं. केबिनचा सांगाडा लोखंडी चौकोनी पाइपचा. रंग जिथं उडाला, वेल्डिंगच्या जोडाला, बोल्टच्या भोकाला, तिथं औषध साठून हेच काम चालू होतं. गंधक आहेच वरनं. माझ्या केबिनला पहिल्याच पावसाळ्यात वेल्डच्या जागा लाल दिसायला लागल्या, कारण वेल्ड घासून प्रायमर न मारता वरनं सरळ रंग मारलेला, उघडं दिसत नाही, चमकतं छान. आतनं पाइपची तोंडं उघडी होती, त्यात पाणी जाऊन साठत होतं. तोंडं बंद करून घ्या, खालनं एक बारीक भोक पाणी निघायला ठेवा, आणि रंगाऐवजी पावडर कोटिंग मागा. काचा बसवायच्या आधी सांगाडा बघायला जा, काचा बसल्यावर जोड दिसत नाहीत. बाकी फवारणी झाली की केबिन साध्या पाण्यानं धुवायचीच, टाकीत उरलेल्या पाण्यानं नाही.

बसवण्याचं काम दोन दिवसाचं. फॅब्रिकेटरनं मागच्या ॲक्सलच्या हाऊसिंगला चॅनल बोल्टनं धरलं, मध्ये रबरी बुश, ते चांगलं केलं. काही जण हाऊसिंगवर सरळ वेल्डिंग मारतात, ओतीव लोखंड आहे ते, तडा जातो आणि आतलं ऑइल सीलपण उष्णतेनं जातं, असं करायला लागला तर ट्रॅक्टर चालू करून घरी या. बुश नसले तर काचांचा खडखडाट आणि डोकं उठतं. केबिनचं वजन दीडशे किलोच्या आसपास आहे असं तो म्हणला, ट्रॅक्टरच साडेसहाशे किलोच्या घरातला आणि हे सगळं वजन वर, त्यामुळं बांधावर एक चाक चढलं की ट्रॅक्टर आधीपेक्षा जास्त कलल्यासारखा वाटतो, वाटतो काय, कलतोच. वळताना गिअर खाली घ्यायचा. आणि हे पक्कं डोक्यात ठेवा की ही केबिन म्हणजे उलटल्यावर माणसाला वाचवणारी चौकट नाही. तिची कुणी चाचणी घेतलेली नाही, पातळ पाइप आहे, दबला तर काचेसकट दबंल. ज्यांच्या ट्रॅक्टरला कंपनीची मागची रोलबार आहे त्यांनी ती काढून केबिन बसवायचं अजिबात मनावर घेऊ नये, केबिन तिच्याभोवती बांधून घ्या. कागदाचं म्हणाल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणं गाडीच्या मूळ बांधणीत परवानगीशिवाय बदल करता येत नाही, बागेत कोण विचारत नाही पण रस्त्यावर काही झालं तर विमावाला पहिलं तेच विचारंल. म्हणून बोल्टनं निघणारीच केबिन घ्या, माझी चार माणसं आणि चेनपुली लावली की तासाभरात उतरते.

दार. दोन दारं पाहिजेत, एक नाही, कारण सरीत एका बाजूला वेलीचा अँगल आला की दार अर्धंच उघडतं. आणि दाराला आतनं पण कुलूप उघडायची कडी पाहिजे, हे सांगायला लागतं हेच नवल. माझ्या दाराची बिजागरी मागच्या बाजूला दिलेली होती, चालताना दार चुकून उघडलं की काडीला अडकून पूर्ण मागं वाकायचं, ते पुढं घेतलं.

सर्व्हिसचा अनुभव म्हणजे पैसे देईपर्यंत दिवसातनं दोनदा फोन, नंतर "उद्या माणूस पाठवतो". दुसऱ्या सीझनला एसीचा गॅस गळला तेव्हा त्याचा माणूस आलाच नाही, शेवटी कारच्या एसीवाल्याला बोलवून घेतलं, त्यानं होज पाइप बघितला तर इंजिनला घासून झिजलेला. घासायची जागा होती तिथं क्लिप मारायला हवी होती एवढंच. एसीचे पाइप कुठून गेलेत ते एकदा टॉर्च मारून बघून ठेवा. पूर्ण पैसे आधी देऊ नका, निदान वीस टक्के पहिल्या फवारणीनंतर, उदबत्ती लावून दाखवल्यावर.

एवढं सगळं बोललो तरी ज्याची बाग पाच एकराच्या वर आहे आणि फवारणी स्वतः किंवा घरचं माणूस करतंय त्यानं केबिन घ्यावीच असं मी म्हणीन. सीझन संपल्यावर अंगाला येणारी खाज, डोळ्यांची आग, रात्रीचं डोकं धरणं हे आमच्या घरातलं बंद झालंय. एक-दीड एकरवाल्यानं पावणेदोन लाख घालण्यात अर्थ नाही, साठ हजारात बिनएसीची मिळते ती घ्या आणि उरलेल्यातनं पंखा, फिल्टर आणि खालचा पत्रा नीट करून घ्या, माझी केबिन दुरुस्तीआधी होती त्यापेक्षा ती चांगली निघंल. घ्यायचीच असंल तर ऑगस्टमध्येच ऑर्डर टाका, सप्टेंबर लागला की सगळ्यांना छाटणीची घाई, वर्कशॉपला रांग लागते आणि मग तो वेल्ड घासत बसत नाही.